एकास अठ्ठेचाळीस ‘रुफ’: फ्लोटवाल्या विमानाचे किट बांधताना

पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे दोन प्रकार आहेत. एकाचे धडच होडीसारखे असते आणि ते पाण्यात बसते. दुसरे साधे विमान असते, पण चाकांच्या जागी त्याला पोकळ, पडावाच्या आकाराचे फ्लोट जोडलेले असतात. या लेखात दुसऱ्या प्रकारातील एका विमानाचे प्लास्टिक किट टप्प्याटप्प्याने कसे बांधावे ते सांगितले आहे. विमान जपानी नौदलाचे नाकाजिमा ए६एम२-एन, दोस्त राष्ट्रांनी दिलेल्या सांकेतिक नावाने ‘रुफ’. हे किट एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात टामिया या कंपनीकडून अनेक वर्षांपासून मिळते, आणि एडुआर्ड या दुसऱ्या कंपनीने अलीकडे त्याच प्रमाणात नवा साचा काढला आहे. पुढील सूचना दोन्हींना लागू पडतात. भागांचे क्रमांक मात्र आपापल्या पत्रकातूनच पाहावेत.

हे विमान नवशिक्यासाठी निवडण्यामागे कारण आहे. ‘रुफ’ म्हणजे मुळात ‘झीरो’ हे लढाऊ विमान. बेटाबेटांवर धावपट्ट्या बांधून होईपर्यंत हवाई संरक्षण कोणी करायचे, या प्रश्नावर जपानी नौदलाने कावानिशी कंपनीकडे नवे सागरी लढाऊ विमान मागितले होते. ते तयार होण्यास वेळ लागणार असल्याने नाकाजिमाला झीरोवरच फ्लोट बसवून देण्यास सांगण्यात आले. डिसेंबर १९४१ मध्ये पहिला नमुना उडाला आणि सप्टेंबर १९४३ पर्यंत एकूण ३२७ विमाने तयार झाली. चाके, त्यांच्या खोबणी, झाकणे आणि शेपटीचे चाक हे सगळे काढून ती जागा बंद करण्यात आली. मॉडेल बांधणाऱ्याच्या दृष्टीने नवख्याचा सर्वाधिक वेळ खाणारा चाकांचा भागच त्यामुळे नाहीसा होतो. त्याच्या बदल्यात तीन फ्लोट एकमेकांशी आणि विमानाशी सरळ रेषेत आणण्याचे काम येते. हे एकच काम नीट साधले तर मॉडेल साधले, आणि ते बिघडले तर उत्तम रंगकामही त्याला वाचवत नाही. म्हणून या लेखातला बराच भाग फ्लोटसाठी राखला आहे, आणि बाकीचे टप्पे त्याच्या सोयीने मांडले आहेत.

प्रत्यक्ष विमानाच्या पंखांचा विस्तार १२ मीटर होता, म्हणजे मॉडेलमध्ये तो २५ सेंटिमीटर येतो. लांबी सुमारे २१ सेंटिमीटर भरते. या प्रमाणात एक मिलिमीटरची चूक खऱ्या विमानावर जवळजवळ पाच सेंटिमीटरची होते, हा हिशेब डोक्यात असावा.

हत्यारे आणि साहित्य

सुरुवातीला फार खरेदी करू नये. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात त्या फ्रेममधून ते कापण्यासाठी एका बाजूने सपाट असलेला छोटा कटर, बदलत्या पात्यांची सुरी, टोकदार चिमटा, बारीक कानस, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल आणि मास्किंग टेप एवढ्यावर काम सुरू होते. घासण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात ‘वॉटर पेपर’ या नावाने मिळणारा काळा कागद घ्यावा. ४००, ८०० आणि १५०० नंबरचे एकेक पान एका मॉडेलला पुरून उरते. लाकडासाठीचा पिवळा पॉलिश पेपर मात्र घेऊ नये, त्याचे ओरखडे प्लास्टिकवरून जाता जात नाहीत.

चिकटवण्यासाठी तीन वेगळी द्रव्ये लागतात आणि त्यांची कामेही वेगळी असतात. पातळ प्लास्टिक सिमेंट दोन भागांच्या फटीत ब्रशने टेकवले की आपोआप आत ओढले जाते आणि प्लास्टिक वितळवून सांधा एकजीव करते. दाट सिमेंट सावकाश वाळते, त्यामुळे भाग सरळ करायला काही मिनिटे हाताशी राहतात. फ्लोटसाठी हेच उपयोगी पडते. फेविक्विक फक्त धातूसाठी आणि डागडुजीसाठी ठेवावे. पारदर्शक भागाजवळ ते आणूच नये, कारण त्याची वाफ काचेवर पांढरट धुके सोडते. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, फेविकॉलने चिकटवावी: वाळल्यावर ते पारदर्शक होते, आणि चूक झाल्यास ओल्या कापडाने पुसता येते.

सिमेंट आणि लॅकर थिनर यांची वाफ अपायकारक असते. खिडकी उघडी ठेवून काम करावे, आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारण्याचे हत्यार, चालवताना सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क लावावा. कापडी मास्कचा तिथे उपयोग होत नाही.

भाग कापणे आणि कोरडी जुळणी

साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात लावलेला तेलकट थर फ्रेमवर राहिलेला असू शकतो. सर्व फ्रेम भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन रात्रभर वाळू द्याव्यात. भाग कापताना पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर दूर घ्यावा, आणि उरलेला खुंट दुसऱ्या कापात सुरीने किंवा कानशीने काढावा. थेट भागाला लागून कापल्यास प्लास्टिक तिथे पांढरे पडते, कधी त्याचा टवकाही उडतो.

कोणताही सांधा चिकटवण्यापूर्वी तो कोरडा बसवून पाहावा. हे वाक्य प्रत्येक पत्रकात असते आणि प्रत्येक नवशिका ते वाचून पुढे जातो. कोरड्या जुळणीत भाग नुसता बसतो की नाही एवढेच न पाहता, तो कुठे अडतो हे शोधायचे असते. बहुतेक वेळा आतल्या बाजूची एखादी खुंटी जास्त जाड असते किंवा फ्रेमचा उरलेला तुकडा मध्ये येतो. तो काढला की जी फट लांबीने भरावी लागणार होती ती आपोआप मिटते.

कॉकपिट

कॉकपिट उघड्या कॅनॉपीतून दिसते, पण फार नाही. नाकाजिमाच्या कारखान्यात कॉकपिटचा आतला रंग पिवळसर हिरवा होता आणि उपकरणांचा फलक जवळजवळ काळा. हिरवा रंग देऊन झाल्यावर काळपट तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, खाचांमध्ये सोडावा, आणि कडांवर किंचित फिकट हिरव्याने कोरडा ब्रश फिरवावा, म्हणजे छोट्या जागेतली खोली डोळ्याला जाणवते. आसनाचे पट्टे किटमध्ये नसतील तर मास्किंग टेपच्या एक मिलिमीटर रुंद पट्ट्या रंगवून लावाव्यात. बांधणीच्या सांगाड्याच्या आत जपानी कारखान्यांत निळसर हिरवा पारदर्शक गंजरोधक थर दिला जाई. ‘रुफ’मध्ये चाकांच्या खोबणीच नसल्याने तो दाखवण्याची जागा उरत नाही. कॉकपिटसाठी महागडे जोडसाहित्य घेण्याचा मोह या मॉडेलपुरता आवरावा. तेच पैसे चांगल्या पारदर्शक लेपावर खर्च केले तर फरक दिसतो.

धड, पंख आणि शेपूट

कॉकपिट आत ठेवून धडाचे दोन अर्धे जोडताना सगळी शिवण एकदम चिकटवू नये. शेपटीपासून सुरुवात करून दोन-अडीच सेंटिमीटरचा भाग बोटांनी दाबावा, पातळ सिमेंट टेकवावे, आणि पाच मिनिटे थांबून पुढे सरकावे. वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक उंचवटा शिवणीवर आला तर ते चांगले लक्षण आहे; तो चोवीस तासांनी घासून टाकला की लांबीची गरजही पडत नाही.

झीरोचा खालचा पंख बहुतेक किटमध्ये डावी-उजवी बाजू मिळून एकाच तुकड्यात येतो आणि वरचे दोन तुकडे त्यावर बसतात. पंख धडाला जोडताना वरच्या बाजूची, पंखाच्या मुळाशी येणारी फट सर्वांत आधी दिसते. ती मिटवण्यासाठी दोन्ही पंखांच्या टोकांखाली सारख्या उंचीचे आधार ठेवून धड हलकेच दाबले जाईल अशी टेप पंखावरून धडावर ताणून लावावी आणि मगच सिमेंट सोडावे. समोरून पाहिल्यावर पंखांची टोके टेबलापासून सारख्या अंतरावर आली पाहिजेत. पट्टीने दोन्ही बाजू मोजाव्यात. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, फ्लोट बसवताना तोच लागणार आहे.

शेपटीखाली लहानसा जास्तीचा पंख आणि खाली वाढवलेला सुकाणू दिसेल. तो झीरोत नसतो, ‘रुफ’मध्ये असतो: फ्लोटने नाकाखाली वाढवलेल्या पृष्ठभागामुळे विमानाची दिशास्थिरता कमी झाली, ती भरून काढण्यासाठी हा भाग आला. सुकाणू, एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलणारी मागची बाजू) आणि एलेरॉन (पंखांच्या टोकांजवळच्या हलणाऱ्या मागच्या कडा) प्रत्यक्षात कापडाने मढवलेले होते. तिथला हलका ताणलेल्या कापडाचा आकार घासताना सपाट होऊ देऊ नये.

फ्लोट

मुख्य फ्लोट दोन अर्ध्यांत येतो आणि त्याची शिवण वर आणि खाली, म्हणजे नेमकी डोळ्याला दिसणाऱ्या जागी असते. खालच्या बाजूला मध्ये एक पायरी असते: पुढचा भाग खोल आणि मागचा थोडा वर उचललेला. विमान पाण्यावरून वेग घेते तेव्हा या पायरीमागे हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. ती नसती तर विमानाला पाणी सोडणे अवघड गेले असते. मॉडेलमध्ये ही पायरी धारदार दिसली पाहिजे. नवशिका शिवण घासता घासता ती गोल करून टाकतो. उपाय सोपा आहे: पायरीच्या कडेवर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत आणि तिथपर्यंतच घासावे, मग टेप काढून मागचा भाग वेगळा घासावा. बोटाखाली कागद धरून कधीही घासू नये, बोट मऊ असल्याने फ्लोटच्या तळाचा टणक कोन गुळगुळीत होतो. वॉटर पेपरची पट्टी आइसक्रीमच्या लाकडी काडीला चिकटवली की सपाट आणि अरुंद हत्यार तयार होते.

ओल्या कागदाने घासताना एक गोष्ट मी स्वतः चुकलो आहे. माझ्या पहिल्या फ्लोटला खांब बसवण्याचे छिद्र उघडे होते, आणि मी फ्लोट पाण्याच्या वाटीत बुडवून घासत राहिलो. आत पाणी शिरले ते कळलेच नाही. दोन दिवसांनी करडा रंग दिल्यावर खांबाच्या मुळाशी थेंब उमटला, रंगाखाली पसरला आणि तिथे फोड आले. आता छिद्रे आधी पोस्टर चिकटवण्याच्या पुट्टीने बुजवतो आणि काम झाल्यावर फ्लोट कानाशी धरून हलवून बघतो.

शिवण नीट मिटली की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यावर ब्रशने चंदेरी रंगाचा पातळ हात द्यावा. उरलेली रेघ लगेच काळी दिसते. भरण्यासाठी थोडी लांबी वापरली असेल तर ती पूर्ण वाळून आकसू द्यावी, नाहीतर रंगानंतर शिवणीची पुसट सावली परत वर येते.

आता जोडणी. ‘रुफ’चा मुख्य फ्लोट पोटाखाली पुढे झुकलेल्या रुंद खांबावर आणि त्यामागच्या व्ही-आकाराच्या आधारांवर उभा असतो, तर पंखांखालचे दोन लहान फ्लोट प्रत्येकी एकेका खांबावर असतात. लहान फ्लोटचे तळ मुख्य फ्लोटच्या तळापेक्षा वर असतात, ते विमान कलले तरच पाण्याला टेकतात. तिन्ही एकाच पातळीत आणण्याचा प्रयत्न म्हणूनच चुकीचा ठरतो.

गवंडी खोली बांधताना ती गुण्यात आहे की नाही हे कोपऱ्यांचे कर्ण मोजून ठरवतो. तीच रीत इथे वापरावी. मॉडेल उलटे करून दोन्ही पंखांच्या टोकांखाली काड्यापेट्यांचे सारखे थर ठेवावेत. सगळ्या काड्यापेट्या एकाच कंपनीच्या असल्या तर त्यांची जाडी मिलिमीटरभरही बदलत नाही. थर एवढे उंच हवेत की उलटी शेपूट टेबलाला टेकणार नाही. नाकाखाली आणि शेपटीखाली स्पंजचे तुकडे ठेवून विमान स्थिर करावे. मग खांब दाट सिमेंटने बसवून फ्लोट त्यावर टेकवावा आणि चार मोजमापे घ्यावीत: फ्लोटच्या नाकापासून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत, तेथूनच उजव्या टोकापर्यंत, आणि फ्लोटच्या शेपटीपासून तसेच दोन्ही टोकांपर्यंत. पहिली दोन मापे सारखी हवीत, दुसरी दोन सारखी हवीत. नाक सरळ आणि शेपूट वाकडी असेल तर फ्लोट तिरपा आहे. दोन्ही जोड्यांमध्ये एकाच बाजूला फरक असेल तर फ्लोट मध्यापासून सरकला आहे किंवा एका अंगाला कलला आहे. कोणते ते समोरून पाहून ठरवावे: सुतारकामाचा छोटा गुण्या टेबलावर उभा करून त्याच्या उभ्या कडेशी फ्लोटची मध्यरेषा ताडावी, आणि शेपटीचा उभा पंखही त्याच कडेशी जुळतो का ते पाहावे.

बाजूने पाहताना फ्लोटची वरची रेषा धडाच्या मध्यरेषेशी कोणता कोन करते हे पत्रकातील बाजूच्या चित्राशी ताडून पाहावे. हा कोन चुकला की विमान पाण्यात बुडतेय किंवा कुठेतरी डोंगर चढतेय असे दिसते, आणि हे पाहणाऱ्याला कारण न कळताही खटकते. दाट सिमेंट वाळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे हातात असतात, तेवढ्यात पुन्हा पुन्हा मोजावे. एकदा जुळले की मागचे व्ही-आधार बसवावेत आणि सगळ्या सांध्यांत पातळ सिमेंट टेकवून विमान त्याच अवस्थेत रात्रभर सोडावे. मधे उचलून पाहू नये. वाकवून सरळ करण्याचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी करायचा ठरल्यास मात्र सांधा तोडून नव्याने बसवणे हाच मार्ग आहे, ताण देऊन सरळ केलेला खांब काही आठवड्यांत पुन्हा फिरतो.

लहान फ्लोट मात्र रंगकामाच्या नंतर बसवावेत असे माझे मत आहे. पत्रकात क्रम वेगळा असेल, पण हे खांब बारीक असतात आणि रंगवताना विमान हातात धरले की हमखास तुटतात. प्रत्येक खांबाच्या टोकात अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडून पितळी तारेचा पाच मिलिमीटरचा तुकडा फेविक्विकने बसवावा आणि पंखात त्याला जुळणारे छिद्र करून ठेवावे. नंतर रंगाच्या थरावरूनही हा सांधा पक्का बसतो, फक्त दोन्ही बाजूंचा रंग सांध्याएवढ्या जागेत खरडून काढावा. बसवताना समोरून दोन्ही खांब सारख्या कोनात आणि वरून पाहताना तिन्ही फ्लोटच्या मध्यरेषा समांतर असल्या पाहिजेत; त्यासाठी टेबलावर आधीच पेन्सिलीने तीन समांतर रेघा आखून मॉडेल त्यावर उभे करावे.

इंजिन आणि प्रोपेलर

नाकाजिमाचे साकाए १२ इंजिन सुमारे ९५० अश्वशक्तीचे होते. त्याचे १४ सिलिंडर सात-सातच्या दोन रांगांत असतात आणि काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, तोंडातून पुढची रांग स्पष्ट दिसते. सिलिंडर काळपट पोलादी, मधले कवच करडे, आणि सिलिंडरवरच्या पात्यांसारख्या थरांमध्ये काळा वॉश, एवढे पुरेसे आहे. काउलिंग निळसर छटेच्या काळ्या रंगाचे असते. निखळ काळा रंग इतक्या लहान वस्तूवर भोकासारखा दिसतो, म्हणून त्यात थोडा गडद करडा मिसळावा. काउलिंगचा रंग आणि धडाचा रंग यांच्या सीमारेषेवर टेप घट्ट दाबली पाहिजे.

प्रायमर आणि रंग

रंगाची योजना विमान कोणत्या काळातले दाखवायचे यावर ठरते. सुरुवातीची विमाने संपूर्ण करड्या रंगाची होती. अल्युशन बेटांतील किस्का येथे १९४२ च्या उन्हाळ्यात गेलेली विमाने याच रंगात दाखवता येतात. सॉलोमन बेटांत तुलागीजवळ योकोहामा तुकडीची ‘रुफ’ विमाने होती, ती ७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकी विमानवाहू जहाजावरील विमानांच्या हल्ल्यात पाण्यावरच नष्ट झाली. नंतरच्या काळात वरच्या पृष्ठभागावर गडद हिरवा रंग आला, आणि पंखाच्या पुढच्या कडेवर पिवळे ओळखपट्टे १९४२ च्या उत्तरार्धापासून दिसू लागले. नवशिक्याने संपूर्ण करडी योजना घ्यावी. दोन रंगांची सीमारेषा तीन फ्लोट आणि खांब यांच्यावरून ओढत नेण्याचे काम त्याला पहिल्या वेळी नको.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पातळ थर देऊन सांधे तपासावेत, उरलेल्या रेघा घासाव्यात, पुन्हा थर द्यावा. एअरब्रशसाठी रंग दुधाएवढा पातळ करावा. भांड्याच्या कडेला ढवळून सोडला की तो ओघळून जावा आणि काचेवर किंचित पारदर्शक थर राहावा. दाब १५ ते २० पीएसआय, अंतर आठ ते दहा सेंटिमीटर. आधी कोपरे रंगवावेत, म्हणजे फ्लोटच्या खांबाचे मूळ, पंखाचे मूळ आणि आधारांच्या मधली जागा, आणि नंतर मोकळे पृष्ठभाग. हा क्रम उलटा केल्यास कोपऱ्यांत रंग पोचवण्याच्या नादात पंखावर तो जाड बसतो.

आपल्याकडे दोन ऋतू रंगकामाला अडचणीचे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई किंवा कोकणात लॅकर रंग फवारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि चकचकीत थर दुधाळ पांढरा पडतो. पाऊस थांबलेल्या कोरड्या दुपारची वाट पाहावी, किंवा खोलीत एसी चालू ठेवून तासाभराने काम सुरू करावे. पांढरा पडलेला थर बहुधा त्यावर सावकाश वाळणाऱ्या थिनरची हलकी फवारणी केल्यास परत साफ होतो. एप्रिल-मे मध्ये उलट होते: अॅक्रिलिक रंग नोझलच्या टोकावरच वाळतो आणि थुंकल्यासारखे ठिपके टाकतो. रंगात रिटार्डरचे, म्हणजे वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब टाकावेत, आणि टोक दर काही मिनिटांनी ओल्या ब्रशने पुसावे.

एअरब्रश नसेल तर हे मॉडेल ब्रशनेही रंगवता येते. रुंद मऊ ब्रश, पातळ केलेला रंग, तीन-चार हात, आणि दोन हातांमध्ये निदान चार तासांचे अंतर एवढे लागते; पहिल्या हातानंतर पट्टे दिसतात म्हणून घाबरून रंग जाड करू नये.

डेकल

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चिन्हे, लावण्यापूर्वी चकचकीत पारदर्शक लेप दिलाच पाहिजे, कारण मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि तिथे चांदीसारखी झाक उमटते. लाल वर्तुळे मोठी असतात आणि पंखाच्या रेषांवरून जातात. डेकल कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद भिजवून कागदावरून घसरवावे, जागेवर आणून ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी बाहेर काढावे, आणि मग डेकल मऊ करणारे द्रव्य लावावे. लावल्यावर डेकलला सुरकुत्या पडतात. या क्षणी हात लावायचा नाही. तासाभरात ते आपोआप ताणले जाते आणि रेषांमध्ये उतरते. हात लावला तर फाटते, आणि लाल वर्तुळ फाटले की ते रंगाने जुळवणे जवळजवळ अशक्य असते. मी एकदा सुरकुत्या पाहून कापडाने दाबले होते, आणि मग त्या पंखावरचे वर्तुळ कंपासने टेपमध्ये कापून पुन्हा रंगवावे लागले. त्यानंतरच्या मॉडेलांवर मी साधी वर्तुळे मुद्दाम रंगवूनच काढतो, ती डेकलपेक्षा पातळ दिसतात.

झिजलेपणा दाखवताना

समुद्रातल्या विमानाची झीज जमिनीवरच्या विमानापेक्षा वेगळी असते. धूळ नसते, खारे पाणी, ऊन आणि फ्लोटवर सतत आपटणाऱ्या लाटा असतात. फ्लोटच्या तळावर आणि बाजूंवर पाणरेषेच्या खाली रंग किंचित हिरवट-तपकिरी आणि वर मिठाचे फिकट करडे ओघळ असे दोन पट्टे हलके ओढावेत. तेलरंगाचा पांढरट करडा ठिपका टाकून, थिनरमध्ये भिजवून पिळलेल्या ब्रशने तो खालच्या दिशेला ओढला की असा ओघळ तयार होतो. रंगाचे टवके काढण्याचे ठिकाण पंखाच्या मुळाशी, जिथून यंत्रज्ञ चढत, आणि काउलिंगच्या पुढच्या कडेला. फोटोंमध्ये अनेक जपानी विमानांचा रंग मोठ्या तुकड्यांनी उडालेला दिसतो, म्हणून नवशिके संपूर्ण विमान चांदीच्या ठिपक्यांनी भरतात. जास्तीत जास्त वीस-पंचवीस ठिपके, तेही चिमट्यात धरलेल्या स्पंजच्या तुकड्याने, आणि मग हात आवरावा.

शेवटचे काम

कॅनॉपीच्या चौकटीची आतली बाजू कॉकपिटच्या हिरव्या रंगात आणि बाहेरची धडाच्या रंगात दिसली पाहिजे. मास्किंगसाठी टेप कॅनॉपीवर दाबून पेन्सिलीने कडा घासल्या की रेषा उमटतात, त्यावरून नव्या पात्याने कापावे. नवे पाते म्हणजे नवेच. जुन्या पात्याने टेप फाटते आणि ओरखडे काचेवर राहतात.

अँटेनाच्या खांबापासून शेपटीपर्यंतची तार फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून ताणून बनवता येते. तुकडा ज्योतीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरावा, मऊ होऊन लोंबू लागताच ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही हात सावकाश लांब करावेत, म्हणजे केसाएवढा धागा निघतो. तो आधी शेपटीला चिकटवून, वाळल्यावर खांबाला ताणून लावावा, आणि हलकी उष्णता दिली की तो स्वतःच तणावतो. यासाठी उदबत्तीचे टोक पुरे होते, पण ते तारेला टेकवू नये.

टामियाच्या किटमध्ये विमान किनाऱ्यावर आणण्यासाठीची चाकांची गाडी मिळते, आणि मॉडेल त्यावर उभे केले की त्याला बाजूने कोणताच आधार द्यावा लागत नाही. गाडी शेवटी वेगळी रंगवून घ्यावी, चाकांना वाळूचा हलका हात द्यावा, आणि मॉडेल त्यावर चिकटवू नये: लहान फ्लोटचे खांब पुसताना किंवा मॉडेल दुसऱ्या फळीवर नेताना गाडीपासून विमान वेगळे उचलता येणे फार सोयीचे ठरते. उचलताना धडाला पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी धरावे, फ्लोटला कधीही नाही.